सवय राहते कुठे?

नमस्कार मंडळी. इथे यायला निघताना तुमच्यापैकी बहुतेकांनी घराला कुलूप लावलं असेल. लावल्यावर ते ओढून पाहिलंत का? नीट आठवून सांगा. मागच्या रांगेत एकदोन चेहरे काळजीत पडलेले दिसतायत. (हशा) घाबरू नका, ओढलं असणार. हात आपलं काम करून मोकळा झाला, तुम्हाला कळवायचं राहिलं एवढंच.

दिवसभरात अशी किती कामं आपण करतो? वेंडी वूड या अमेरिकी मानसशास्त्रज्ञ बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००२ साली याचा एक अभ्यास प्रसिद्ध केला. विद्यार्थ्यांना सांगितलं, दर तासाला वहीत लिहा : आत्ता काय करताय, कुठे करताय आणि डोक्यात काय चाललंय. साधारण ४३ टक्के कामं अशी निघाली की जी जवळजवळ रोज आणि ठरलेल्या जागीच होत होती. ती करताना डोक्यात बहुतेक वेळा भलतंच काहीतरी चाललेलं असायचं.

यातला 'ठरलेल्या जागी' हा भाग मला आज तुमच्यापुढे ठेवायचाय. आपल्याकडे सवयीचं सगळं खापर मनावर फुटतं. तंबाखू सुटली तर माणूस निग्रहाचा, नाही सुटली तर मनाचा कच्चा. माझं म्हणणं असं की सवयीचा निम्मा तरी हिस्सा माणसाच्या बाहेर असतो. तो टपरीवर असतो, ओट्याशी असतो, ऑफिसच्या जिन्यात असतो. याचा सगळ्यात मोठा पुरावा एका युद्धातून आला, आणि तो कोणी मागितलाही नव्हता.

१९७१ साल. व्हिएतनाममधले अमेरिकी सैनिक हेरॉइनच्या नादी लागल्याच्या बातम्या वॉशिंग्टनला पोचल्या. तिथे हेरॉइन स्वस्त होतं, विलक्षण शुद्ध होतं आणि कुठेही मिळायचं. बहुतेक जण ते सिगारेटमध्ये भरून ओढत. राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या सरकारला धडकी भरली. ही हजारो पोरं घरी परतली की गावोगाव काय होईल? मग मायदेशी जाणाऱ्या विमानात बसण्याआधी प्रत्येकाची लघवी तपासायचं ठरलं. आणि परतलेल्यांचं पुढे काय होतं हे शोधण्याचं काम ली रॉबिन्स या समाजशास्त्रज्ञ बाईंकडे आलं.

त्यांनी सप्टेंबर १९७१ मध्ये परतलेल्या सैनिकांतून नमुना निवडला आणि त्यांना शोधून मुलाखती घेतल्या. जवळजवळ निम्म्यांनी तिथे अफू किंवा हेरॉइन कधी ना कधी घेतलं होतं. साधारण पाचातला एक म्हणाला, मी तिथे पूर्ण आहारी गेलो होतो. इथवर सरकारची भीती खरीच ठरली. पुढचा आकडा मात्र कोणाच्या पचनी पडेना. व्हिएतनाममध्ये आहारी गेलेल्यांपैकी परतल्यावर पहिल्या वर्षात पुन्हा व्यसनात अडकलेले होते सुमारे ५ टक्के. तीन वर्षांचा हिशेब धरला तरी १२ टक्के. उपचार घेतलेले त्यांतले थोडेच. त्या काळी अमेरिकेतल्या व्यसनमुक्ती रुग्णालयांतून बाहेर पडलेले बहुसंख्य रुग्ण पुन्हा व्यसनाकडे वळत, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे रॉबिन्सबाईंवर लोकांनी लवकर विश्वास ठेवला नाही. सरकारला हवं ते लिहून दिलं, असाही संशय घेतला गेला.

पण फरक बघा. रुग्णालयातला रुग्ण बरा होऊन त्याच गल्लीत, त्याच मित्रांत, त्याच जिन्याखाली परत जायचा. सैनिकाची मात्र सगळी दुनियाच बदलली होती. तो उकाडा नाही, ती छावणी नाही, ती भीती नाही आणि तो कंटाळाही नाही. न्यायाने बोलायचं तर बाकी कारणंही होती. घरी हेरॉइन महाग होतं, पकडलं जाण्याची भीती होती, सुई टोचून घेणं अनेकांना नको वाटत होतं. जागा बदलली आणि जादू झाली, असं मी म्हणणार नाही. पण 'एकदा लागलं की मरेपर्यंत सुटत नाही' ही समजूत या सैनिकांनी खोटी पाडली, एवढं नक्की.

जागा शरीरात किती खोल जाऊन बसते, याचा एक जरा अंगावर येणारा प्रयोग आहे. शेपर्ड सीगल आणि सहकाऱ्यांनी तो १९८२ साली प्रसिद्ध केला. उंदरांना हेरॉइनची सवय लावली आणि मग मोठा डोस दिला. नेहमीच्याच खोलीत दिला तेव्हा सुमारे ३२ टक्के उंदीर मेले. तेवढाच डोस वेगळ्या खोलीत दिला तर ६४ टक्के. औषध तेच, उंदीरही तसेच. ओळखीच्या खोलीत शिरताक्षणी शरीर आधीच सावध होऊन तयारीला लागत होतं. नव्या खोलीत त्याला कोणी वर्दीच दिली नाही. हीच तयारी आपल्याला तलफ म्हणून जाणवते. टपरी दिसायच्या आधी तोंडाला पाणी सुटतं ना, ते हेच.

आता आपल्याकडे या. गावाकडे कितीतरी बायका मशेरी लावतात. सुरुवात दात घासण्यापासून होते, त्यामुळे घरात कोणी तिला व्यसन म्हणत नाही. सकाळचं पहिलं काम उरकलं, चहा व्हायचाय, त्या मधल्या पाच मिनिटांत बोट डबीत जातं. अशा बाईला आपण कर्करोगाची चित्रं दाखवतो. ती बघते, हळहळते आणि दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याच डबीशी बसते. चित्र तिला पटलेलं असतं हो. पण सकाळची ती पाच मिनिटं जिथल्या तिथेच असतात. पुण्यात १९८६ साली मुक्तांगण सुरू झालं, तेव्हापासून व्यसनमुक्तीचं काम करणारे सांगत आलेत की खरी परीक्षा केंद्रात होत नाही, घरी गेल्यावर होते. म्हणून तर ते पाठपुराव्यावर एवढा भर देतात.

आणि हे फक्त व्यसनांचं आहे असं समजू नका. वूडबाईंच्याच गटाने थिएटरात सिनेमाला आलेल्यांना पॉपकॉर्न वाटले, काहींना ताजे, काहींना आठवडाभराचे शिळे. ज्यांना सिनेमा बघताना पॉपकॉर्न खायची पक्की सवय होती, त्यांनी शिळेही ताज्याइतकेच खाल्ले. वातड आहेत, हे त्यांना कळत होतं, तरी खाल्ले. अशीच सवय असलेल्या दुसऱ्या काहींना सभेच्या खोलीत गाण्यांचे व्हिडिओ बघायला बसवलं, तेव्हा त्यांनी शिळे कमी खाल्ले. थिएटरात नेहमीच्या हाताऐवजी दुसऱ्या हाताने खायला लावलं, तरी शिळे कमी गेले. मोबाइलचं ॲप नेहमीच्या जागेवरून हलवलं की अंगठा क्षणभर गोंधळतो, करून बघा.

(श्रोत्यांतून प्रश्न : मग निर्धाराला काही अर्थच नाही का?)

आहे, पण त्याचा वापर आपण चुकीच्या वेळी करतो. जर्मनीत विल्हेल्म हॉफमन आणि सहकाऱ्यांनी दोनशेवर लोकांना दिवसभर मधूनमधून विचारलं, आत्ता काही मोह होतोय का, तो आवरताय का? ज्यांना आपण संयमी म्हणतो ते मोहाशी जास्त झगडत असतील असं वाटलं होतं. निघालं उलटंच, त्यांना झगडावं लागण्याचे प्रसंगच कमी येत होते. फरसाणाचा डबा समोर उघडा ठेवून 'खाणार नाही' म्हणत बसणारा माणूस रोज लढतो आणि कधीतरी हरतो. दुसरा दुकानातून फरसाण आणतच नाही. निर्धार दोघांचाही असतो, पण दुसऱ्याचा दुकानात एकदाच खर्च होतो.

म्हणून मी सल्ला मागणाऱ्यांना विचारतो, येत्या काही महिन्यांत घर बदलताय का? बदली आहे का? बास व्हरप्लांकेन यांनी इंग्लंडमध्ये आठशे घरांबरोबर काम केलं. पर्यावरणाला पूरक वागण्याचा सल्ला आणि मदत नव्या घरात आलेल्यांना जास्त लागू पडली. पण हा फायदा पहिल्या तीनेक महिन्यांपुरताच दिसला. नंतर नवं घरही जुनं होतं. नव्या सोसायटीत राहायला गेलात की बाजारात चालत जायचं पहिल्याच आठवड्यात ठरवा. स्कूटर एकदा तिथे लागायला लागली की झालंच.

(प्रश्न : एकवीस दिवसांत सवय लागते म्हणतात, ते खरं का?)

नाही. तो आकडा मॅक्सवेल मॉल्ट्झ या प्लास्टिक सर्जनच्या १९६० सालच्या पुस्तकातून पसरला. शस्त्रक्रियेनंतर नव्या चेहऱ्याची सवय व्हायला रुग्णांना निदान एकवीस दिवस लागतात, असं त्यांचं निरीक्षण होतं. 'निदान' हा शब्द वाटेत गळून पडला. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांनी ९६ जणांवर अभ्यास केला. रोज जेवणाबरोबर फळ खाणं, जेवणाआधी थोडं पळणं अशा साध्या गोष्टी अंगवळणी पडायला किती वेळ लागतो, हे पाहिलं. मधला आकडा आला ६६ दिवस; पण कोणाला १८ दिवस पुरले, तर कोणासाठी हिशेब २५४ पर्यंत गेला. पाणी पिण्यासारखी गोष्ट लवकर जमते, व्यायाम रेंगाळतो. आणि मध्ये एखादा दिवस चुकला तर? लॅलींना त्याने फारसा फरक पडलेला दिसला नाही. पाहुणे आले, फिरणं बुडालं, तर दुसऱ्या दिवशी त्याच वेळी त्याच दारातून बाहेर पडायचं.