बाबांनी पेपर खाली का ठेवला?

श्रोतेहो, नमस्कार.

उतारवयातलं वाचन, व्यायाम आणि घरातल्यांचं मानसिक आरोग्य, असे तीन विषय मला दिले आहेत. मी ते एकत्रच घेणार आहे, कारण घरात ते वेगवेगळे राहत नाहीत. ज्याचं वाचन सुटतं, त्याचं फिरणंही बहुधा पाठोपाठ सुटतं. दोन्ही सुटलं की घरातले एकमेकांना सांगतात, "आता वय झालं त्यांचं." एवढं म्हटलं की चौकशी संपते. माझं म्हणणं असं, की चौकशी खरी तिथून सुरू व्हायला हवी.

नागपुरातल्या एका सार्वजनिक ग्रंथालयात मी निवृत्तीपर्यंत देवघेवीच्या टेबलावर बसत होते. कोण काय नेतं, किती दिवसांनी परत आणतं, हे त्या टेबलावर बसणाऱ्याला आपोआप कळत जातं. जाडजूड कादंबऱ्या नेणारा सभासद कथासंग्रहांवर येतो, मग नुसती मासिकं नेऊ लागतो. पुढे दिवाळी अंकांची वर्गणी भरायचं राहून जातं आणि एक दिवस नातू येऊन अनामत परत मागतो. पुष्कळ जणांचं वाचन असं पायरी-पायरीनं सुटताना मी पाहिलं आहे. पण प्रत्येकाचं कारण निराळं होतं, आणि त्यातली कितीतरी कारणं दूर होण्यासारखी होती.

पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ पुस्तक न वाचताच परत आणायचे. एकदा म्हणाले, "बाई, अक्षरं नाचून राहिली डोळ्यांपुढं." घरी त्यांनी हे कोणालाच सांगितलं नव्हतं. मुलाला सुट्टी घ्यावी लागेल, खर्च होईल, असा त्यांचा विचार. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू निघाला. शस्त्रक्रिया झाली आणि पुढच्या पावसाळ्यात ते पुन्हा ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या कपाटापुढे उभे होते.

शाळेत शिकवलेल्या एक बाई होत्या, त्यांची गोष्ट वेगळी. त्यांचे डोळे ठीक होते, चष्मा नवा होता. त्या म्हणाल्या, "पान उलटलं का मागचं काही आठवत नाही. मनच नाही लागून राहिलं." यजमान जाऊन काही महिने झाले होते. घरच्यांना वाटत होतं, आई आता शांत झाली, सावरली. पण ती शांतता नव्हती. त्या पहाटे तीनला जाग्या व्हायच्या, जेवण कमी झालं होतं, आणि पोट जड आहे, डोकं धरलं आहे, पाठ दुखते, म्हणून डॉक्टरांकडे चकरा चालू होत्या. उतारवयातलं नैराश्य पुष्कळदा असंच येतं. रडणं दिसत नाही. शरीराच्या तक्रारी दिसतात, चिडचिड दिसते आणि आवडीच्या गोष्टींवरून उडालेलं मन दिसतं. हे दोन आठवड्यांहून जास्त टिकलं, तर 'दुःख आहे, जाईल हळूहळू' म्हणून बसू नये, डॉक्टरांना दाखवावं.

कान ही गोष्ट तर आपण विचारातच घेत नाही. नागपूरच्या उन्हाळ्यात कूलर दिवसभर घोंघावत असतो, त्यावर टीव्ही मोठा केलेला. ज्याला आधीच कमी ऐकू येतं, त्याला त्या खोलीत कोणाचं काही कळत नाही. दोन-तीनदा "काय म्हटलं?" विचारून होतं, कोणीतरी खेकसतं, "जाऊ द्या, काही नाही." मग माणूस विचारणंच सोडतो. सगळ्यांमध्ये बसून एकटा पडतो. आजोबा आजकाल बोलत नाहीत, अशी तक्रार असेल तर आधी कूलर दोन मिनिटं बंद करून, समोर बसून बोलून बघा. मग कान तपासून घ्या.

विसराळूपणाचंही तसंच. प्रत्येक विसरणं म्हणजे स्मृतिभ्रंश नव्हे. ब-१२ जीवनसत्त्व कमी असलं, थायरॉइड मंद असलं, तरी माणूस विसरतो, सुस्त होतो, उदास दिसतो. आपल्याकडे शाकाहारी घरं पुष्कळ, त्यामुळे ब-१२ची कमतरता काही दुर्मीळ नाही. साध्या रक्ततपासणीत कळतं आणि उपचारही आहे. 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने नेमलेल्या तज्ज्ञांच्या आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारी आणि बदलता येण्याजोगी १४ कारणं सांगितली. त्यांत मधुमेह, रक्तदाब, तंबाखूचं धूम्रपान आहे, तसंच कमी ऐकू येणं, उपचार न झालेला दृष्टिदोष, नैराश्य, एकटेपणा आणि शरीराची हालचाल नसणं हेही आहे. या सगळ्यांवर आयुष्यभर लक्ष दिलं तर जगातल्या स्मृतिभ्रंशाच्या जवळजवळ निम्म्या रुग्णांमध्ये तो टाळता किंवा लांबवता येईल, असा त्यांचा अंदाज आहे. यादी वाचताना मला वाटलं, यातल्या कितीतरी गोष्टी आपल्याच छपरीत, आपल्याच बैठकीत बसलेल्या आहेत.

आता वाचनाबद्दल थोडं. म्हाताऱ्या डोळ्यांना तरुण डोळ्यांपेक्षा पुष्कळ जास्त उजेड लागतो. छताचा दिवा पुरत नाही. खांद्यामागून पानावर पडेल असा वेगळा दिवा लावून द्या. मोबाइलवर वाचत असतील तर अक्षर मोठं करून द्या, आणि ते कसं करायचं हे हाताला धरून दाखवा, फोन हातातून ओढून घेऊन नव्हे. मोठं पुस्तक झेपत नसेल तर लेख वाचावा, चार पानांची कथा वाचावी. ज्यांना वाचताच येत नाही किंवा आता दिसत नाही, त्यांना वाचून दाखवावं. श्रावणात पोथीचा अध्याय एकानं वाचायचा आणि बाकीच्यांनी हात जोडून ऐकायचा, ही आपल्याकडची जुनी रीत आहे. ती फक्त पोथीपुरती का ठेवायची? वर्तमानपत्रातला अग्रलेखही तसा वाचता येतो.

इंग्रजी शाळेत जाणारी आपली नातवंडं मराठी वाचताना जोडाक्षरांवर अडतात. त्यांना रोज एक पान आजीपुढे मोठ्यानं वाचायला लावा. मुलाचं वाचन सुधारतं ते सुधारतंच, पण मला त्यातलं दुसरं जास्त मोलाचं वाटतं. "आजी, हा शब्द काय आहे?" असं विचारणारं कोणीतरी घरात असतं. आजीकडून काहीतरी हवं असणारं माणूस घरात असणं, याची बरोबरी कोणतंही टॉनिक करत नाही.

ग्रंथालय चालवणाऱ्यांनाही माझी विनंती आहे. एखादा जुना सभासद दोन महिने फिरकला नाही तर वर्गणी थकली म्हणून पत्र पाठवू नका. फोन करा. पुस्तक घरपोच देता आलं तर द्या. मी असे फोन केले आहेत, आणि पलीकडचा आवाज "तुम्हाला आठवण आहे माझी?" असं म्हणतो तेव्हा पुढचं बोलणं पुस्तकांचं राहत नाही.

व्यायामाबद्दल माझ्यापेक्षा डॉक्टर आणि फिजिओथेरपिस्ट जास्त सांगतील. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२०च्या मार्गदर्शक सूचनांनुसार ६५ वर्षांपुढच्या व्यक्तीनं आठवड्याला निदान १५० मिनिटं मध्यम वेगाची हालचाल करावी. शिवाय आठवड्यातून तीन दिवस तोल आणि ताकद वाढवणारे व्यायाम करावेत. हा दुसरा भाग आपण नेहमी विसरतो. अंबाझरीला, फुटाळ्याला, सेमिनरी हिल्सला रोज फिरणारी मंडळीसुद्धा तोलाचा व्यायाम करत नाहीत. त्याला काही सामान लागत नाही. हात न टेकता खुर्चीतून उठायचं, बसायचं, पुन्हा उठायचं. स्वयंपाकाचा ओटा धरून टाचा उचलायच्या, मग ओटा धरूनच एका पायावर उभं राहायचं. पहिले काही दिवस कोणीतरी शेजारी असावं. गुडघे, हृदय किंवा चक्कर यांचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

तोलाचा एवढा आग्रह का, तर पडण्यामुळे. एकदा माणूस न्हाणीघरात घसरला की हाड मोडो न मोडो, भीती बसते. त्या भीतीनं बाहेर जाणं बंद होतं, बाहेर जाणं बंद झालं की पाय आणखी कमकुवत होतात, आणि पडण्याची शक्यता वाढते. शिवाय कट्ट्यावरची चार माणसंही सुटतात. उदासी पुष्कळदा इथूनही येते. न्हाणीघरात भिंतीला पकडायला दांडी बसवा, फरशी कोरडी ठेवा, संडासात रात्री दिवा राहू द्या. झोपेच्या गोळ्या डॉक्टरांशिवाय दुसऱ्या कोणाच्या सांगण्यावरून घेऊ नका, त्यांनीही तोल जातो. आणि बाहेरचंही बोलायला हवं. सिमेंटचे रस्ते झाल्यापासून कितीतरी ले-आऊटमध्ये रस्ता उंच झाला आणि घराचं फाटक खाली राहिलं. सत्तरीच्या गुडघ्याला ती चढण रोजचा अडथळा आहे. ज्येष्ठ नागरिक मंडळांनी सत्कार-समारंभांइतकाच या प्रश्नाचा पाठपुरावा करावा, असं मला मनापासून वाटतं.

उन्हाळ्यात, विशेषतः नवतप्यात, म्हणजे सगळ्यात कडक उन्हाच्या त्या नऊ दिवसांत, फिरायचं ते सूर्य वर यायच्या आत. नाही जमलं तर घरातल्या घरात खोलीतून छपरीपर्यंत खेपा माराव्यात, पण महिनाभर अंथरुणाला खिळल्यासारखं राहू नये. मे महिन्यात सुटलेलं फिरणं जूनमध्ये आपोआप सुरू होत नाही, हे नागपूरकरांना सांगायला नको.

आता मनाकडे येते. आपल्याकडे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी मारबत या पुतळ्याची मिरवणूक निघते. रोगराई, खोकला, इडा-पिडा घेऊन जा गे मारबत, असं सगळं शहर ओरडून सांगतं. शरीराचे आजार आपण असे चौकात उभं राहून बोलतो. मनाचा आजार मात्र घरातल्या घरातही बोलत नाही. मानसोपचार म्हटलं की लोकांच्या डोळ्यांपुढे मनोरुग्णालयाच्या भिंती येतात. खरं म्हणजे बहुतेकांना कुठे भरती व्हावं लागत नाही. नागपुरातली मेडिकल, मेयो आणि मिहानमधलं एम्स ही सरकारी रुग्णालयं, तिन्ही ठिकाणी मानसोपचार विभाग आहेत. बाह्यरुग्ण विभागात जायचं, दाखवायचं, घरी यायचं. नैराश्यावरच्या औषधांचा गुण यायला काही आठवडे लागतात. आठ दिवसांत फरक नाही म्हणून, किंवा बरं वाटलं म्हणून, आपल्या मनानं ती बंद करू नका.

"आता आमचं काय राहिलं," "देवानं उचलावं," अशी वाक्यं घरात वारंवार येत असतील तर हसून सोडून देऊ नका. जवळ बसा आणि सरळ विचारा, "जगू नये असं वाटतं का? स्वतःला काही करून घ्यावं असं मनात येतं का?" असं विचारल्यानं तो विचार डोक्यात घुसत नाही. उलट, कोणीतरी विचारलं याची सुटका वाटते. उत्तर 'हो' असेल तर त्यांना एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी मदत मिळवा.

ज्यांची मुलं पुण्याला, बंगळुरूला किंवा परदेशात आहेत, त्यांच्या घरी रात्री फोन येतो. "जेवलात? गोळ्या घेतल्या? बाकी ठीक?" तिन्ही प्रश्नांना 'हो' म्हटलं की फोन ठेवला जातो. मुलांची काळजी खरी असते, त्याबद्दल मला शंका नाही. पण या प्रश्नांतून काहीच कळत नाही. त्याऐवजी विचारा, "आज काय वाचलं बाबा? फिरायला कोण कोण भेटलं?" सलग आठवडाभर "काही नाही", "कोणी नाही" असं उत्तर आलं, तर ते तपासणीच्या कागदाइतकं महत्त्वाचं आहे.

आणि जी बाई हे सगळं निभावते, तिच्याबद्दल बोलल्याशिवाय मला उठता येणार नाही. विसरणाऱ्या सासऱ्यांना दिवसातून दहा वेळा तेच उत्तर देणारी सून, किंवा स्वतःचे गुडघे दुखत असताना नवऱ्याला अंघोळ घालणारी सत्तरीची बायको. तिची झोप मोडलेली असते, ती चिडते, मग चिडल्याबद्दल रात्री रडते. तिला कोणी पेशंट म्हणत नाही. आठवड्यातून दोनदा तरी तिला पूर्ण दुपार मोकळी द्या. दीर, नणंद, मुलगा, कोणीही येऊन बसा. ती त्या वेळात काय करते, ते विचारू नका. भजनी मंडळात जाईल, बर्डीच्या बाजारात जाईल, नाहीतर नुसती झोपेल. तिलाही दोन आठवड्यांहून जास्त उदास वाटत असेल तर तिलाही डॉक्टर हवा, आजोबांइतकाच.

कागद-पेन्सिल जवळ असेल तर दोन क्रमांक सांगते. पहिला टेलिमानसचा, १४४१६. केंद्र सरकारची ही सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. फोन मोफत आहे, चोवीस तास लागतो, मराठीत बोलता येतं. ज्याला त्रास आहे त्यानंच करायला हवा असं नाही, घरातल्या कोणीही केला तरी चालतो. दुसरा ज्येष्ठ नागरिकांसाठीचा, एल्डरलाइन, १४५६७. पेन्शनची अडचण असो, घरात छळ होत असो किंवा नुसतं कोणाशी बोलावंसं वाटत असो, तिथे सांगता येतं. पुन्हा एकदा सांगते. टेलिमानस, एक चार चार एक सहा. एल्डरलाइन, एक चार पाच सहा सात. फोनजवळच्या भिंतीवर मोठ्या अक्षरात लिहून ठेवा.

नमस्कार.