उसने बूट आणि १३ गोल

श्रोतेहो, नमस्कार.

१९५८ सालचा जून महिना. स्वीडनमध्ये फुटबॉलचा विश्वचषक सुरू आहे आणि फ्रान्सच्या सराव शिबिरात एका आघाडीवीराचे बूट फाटले आहेत. आजच्यासारखा काळ असता तर कंपनीचा माणूस दहा जोड घेऊन धावत आला असता. तेव्हा तसं काही नव्हतं. संघातला एक राखीव खेळाडू, स्तेफान ब्रुये, याच्या पायाचं माप नेमकं तेवढंच होतं. त्यानं आपले बूट काढून दिले. ते घालून मैदानात उतरलेल्या खेळाडूचं नाव जुस्त फाँतेन. त्या एका स्पर्धेत, फक्त सहा सामन्यांत, त्यानं १३ गोल केले. एकाच विश्वचषकात यापेक्षा जास्त गोल त्यानंतर २०२२ पर्यंत कुणालाही करता आले नाहीत.

आज मला तुमच्याशी आंतरराष्ट्रीय स्पर्धांमधल्या अशाच गोलविक्रमांबद्दल बोलायचं आहे. कुणाच्या नावावर किती गोल, हे तर सांगेनच. पण नुसता आकडा ऐकून मला कधीच समाधान होत नाही. तो किती सामन्यांत आला, किती वर्षांत आला, चेंडू कुणी पुरवला, जागा कुणी रिकामी केली, हे कळलं की त्या आकड्यात जीव येतो.

फाँतेनचंच बघा. मोरोक्कोतल्या माराकेशचा हा मुलगा स्वीडनला निघाला तेव्हा पहिल्या अकरांत त्याची जागा पक्की नव्हती. रने ब्लियार हा आघाडीवीर जायबंदी झाला म्हणून त्याला संधी मिळाली. पहिल्याच सामन्यात पॅराग्वेविरुद्ध हॅटट्रिक, म्हणजे एकाच सामन्यात तीन गोल. मग युगोस्लाव्हियाविरुद्ध दोन, पण तो सामना फ्रान्स हरला. स्कॉटलंडविरुद्ध एक, उत्तर आयर्लंडविरुद्ध दोन. उपांत्य फेरीत समोर ब्राझील. त्या स्पर्धेत तोवर ब्राझीलवर एकही गोल झाला नव्हता. पहिला गोल केला तो फाँतेननं, नवव्या मिनिटाला. पुढे फ्रान्सचा बचावपटू जाँके जखमी झाला, बदली खेळाडू घेण्याची मुभा तेव्हा नव्हती, आणि १७ वर्षांच्या पेलेनं हॅटट्रिक करून सामना फ्रान्सच्या हातातून काढून घेतला.

आता उरला होता तिसऱ्या क्रमांकाचा सामना. २८ जून, गोथेनबर्ग, समोर पश्चिम जर्मनी. फाँतेनच्या खात्यात ९ गोल होते आणि विक्रम होता ११ गोलांचा, हंगेरीच्या शांदोर कोचिशचा. फाँतेननं त्या दिवशी चार गोल केले. फ्रान्स ६-३ असा जिंकला. याच सामन्यात फ्रान्सला एक पेनल्टीही मिळाली होती. ती फाँतेननं घेतली नाही, रेमों कोपानं घेतली आणि गोल केला. म्हणजे १३ चा आकडा सहज १४ होऊ शकला असता. पण कोपा आणि फाँतेन ही जोडी अशी होती की कोपा चेंडू जिथे सोडायचा तिथे फाँतेन आधीच पोहोचलेला असायचा. त्यामुळे ती पेनल्टी कोपानं मारली याचं मला फार बरं वाटतं.

सर्वाधिक गोलांसाठी तेव्हा सोन्याचा बूट वगैरे मिळत नसे. एका स्वीडिश वृत्तपत्रानं फाँतेनला बक्षीस दिलं ते एअर रायफलचं! आणि पुढचा विश्वचषक? तो त्याच्या वाट्याला आलाच नाही. पाय दोनदा मोडला आणि २८ व्या वर्षी त्याचं खेळणं संपलं. फ्रान्ससाठी २१ सामने, ३० गोल. २०२३ च्या मार्चमध्ये तो गेला तेव्हा त्याचा विक्रम पासष्टीला टेकला होता.

कोचिशचं नाव आत्ता ओघात आलं, पण त्याला असं घाईत ओलांडून जाणं बरोबर नाही. १९५४ साली स्वित्झर्लंडमध्ये त्यानं पाच सामन्यांत ११ गोल केले, त्यात दोन हॅटट्रिक. हवेतला चेंडू डोक्यानं मारण्यात त्याचा हात धरणारा कुणी नव्हता. पण अंतिम सामन्यात, बर्नमध्ये, त्याला एकही गोल करता आला नाही. आठ मिनिटांत २-० अशी आघाडी घेतलेली हंगेरी ३-२ अशी हरली. ११ गोल आणि हातात उपविजेतेपद.

इथे एक हिशेब मांडतो. लिओनेल मेस्सीनं २०२२ अखेर पाच विश्वचषकांत, २६ सामन्यांत १३ गोल केले होते. फाँतेनचे १३ गोल सहा सामन्यांतले. म्हणून फाँतेन मोठा आणि मेस्सी लहान, असं कुणी म्हणणार नाही. मधल्या काळात बचाव बदलला, सरावाची शिस्त बदलली, प्रतिस्पर्ध्याचा प्रत्येक सामना आधी बारकाईनं बघून ठेवायची पद्धत आली. १९५८ मध्ये ३५ सामन्यांत १२६ गोल झाले होते, म्हणजे सामन्यामागे साडेतीनहून जास्त. २०२२ मध्ये ६४ सामन्यांत १७२, म्हणजे पावणेतीनलाही थोडे कमीच. १९७८ पासून १९९८ पर्यंत लागोपाठ सहा विश्वचषकांत सर्वाधिक गोल करणाऱ्याचा आकडा सहाच राहिला. केम्पेस सहा, रॉसी सहा, लिनेकर सहा, स्किलाची सहा. जणू दारावर कुणी आकडा लिहूनच ठेवला होता.

आता दुसऱ्या प्रकारच्या विक्रमाकडे येऊ. हा एका उन्हाळ्याचा नाही, अनेक वर्षांच्या चिकाटीचा. १९७० साली मेक्सिकोत पश्चिम जर्मनीच्या गर्ड म्युलरनं १० गोल केले. बल्गेरिया आणि पेरूविरुद्ध लागोपाठ हॅटट्रिक. १९७४ मध्ये आणखी चार. त्यातला शेवटचा अंतिम सामन्यातला, म्युनिकमध्ये, नेदरलँड्सविरुद्ध. बोन्होफनं उजवीकडून दिलेला पास म्युलरच्या थोडा मागेच राहिला. त्यानं पाय मागे नेऊन चेंडू थांबवला, जागच्या जागी वळला आणि जमिनीलगत फटका मारला. त्या फटक्यात जोर फारसा नव्हता, पण गोलरक्षकाला हलायलाही सवड मिळाली नाही. जर्मनी विश्वविजेता, आणि म्युलरचे विश्वचषकातले एकूण गोल १४, तेही १३ सामन्यांत. त्या सामन्यानंतर तो राष्ट्रीय संघाकडून पुन्हा खेळला नाही. वय होतं २८!

१४ चा हा आकडा ३२ वर्षं टिकला. तो मोडला ब्राझीलच्या रोनाल्डोनं. या माणसाच्या गुडघ्याची कहाणी आठवली की आजही अंगावर काटा येतो. २००० च्या एप्रिलमध्ये, मोठ्या दुखापतीनंतर पाच महिन्यांनी मैदानात परतलेला रोनाल्डो काही मिनिटांतच, अंगाला कुणाचा धक्काही न लागता, गुडघा धरून कोसळला. हा पुन्हा खेळेल का, असं लोक विचारत होते. २००२ मध्ये त्यानं विश्वचषकात आठ गोल केले, त्यातले दोन योकोहामातल्या अंतिम सामन्यात, जर्मनीविरुद्ध. १५ वा गोल झाला २७ जून २००६ रोजी डॉर्टमुंडमध्ये, घानाविरुद्ध. पाचव्या मिनिटाला तो एकटा गोलरक्षकासमोर आला, चेंडूवरून पाय फिरवून हुलकावणी दिली, आणि मोकळ्या जाळीत चेंडू अलगद ढकलला.

योकोहामात त्या अंतिम सामन्यात जर्मनीच्या बाजूनं एक २४ वर्षांचा खेळाडू होता. मिरोस्लाव क्लोजे. पोलंडमध्ये जन्मलेला, लहानपणी जर्मनीत आलेला, सुतारकाम शिकलेला. विशीत शिरला तरी तो खालच्या श्रेणीतल्या संघांतच खेळत होता. २००२ च्या त्या विश्वचषकात त्यानं पाच गोल केले, आणि पाचही डोक्यानं! २००६ मध्ये पुन्हा पाच, २०१० मध्ये चार. २०१४ ला तो ३६ वर्षांचा होता, पहिल्या अकरांत त्याची जागा ठरलेली नव्हती. घानाविरुद्ध, होय, पुन्हा घानाच, तो बदली खेळाडू म्हणून आला आणि दोन मिनिटांत कॉर्नरवर पाय ताणून गोल केला. १५ गोल, रोनाल्डोशी बरोबरी. मग ८ जुलै, बेलो होरिझोंटे, उपांत्य फेरी. २३ व्या मिनिटाला त्याचा पहिला फटका गोलरक्षक ज्युलिओ सेझारनं अडवला. चेंडू परत त्याच्याच पायाशी आला, आणि दुसऱ्या फटक्यात १६ वा गोल. रोनाल्डोच्या देशात, ब्राझीलच्याच विरुद्ध. पुढच्या सहा मिनिटांत जर्मनीचे आणखी तीन गोल झाले, सामना ७-१ असा संपला, आणि त्या गोंधळात क्लोजेचा विक्रम जवळजवळ झाकलाच गेला.

क्लोजेच्या गोलांना देखणे म्हणणारे लोक मला फारसे भेटलेले नाहीत. पण योग्य क्षणी योग्य जागी असणं ही किती अवघड कला आहे, हे त्याचे गोल सलग बघताना कळतं. आणि एक गोष्ट सांगायलाच हवी. २०१२ मध्ये इटलीतल्या एका लीग सामन्यात त्याचा गोल रेफरीनं मान्य केला होता. चेंडू हाताला लागला होता, हे क्लोजेनं स्वतः जाऊन सांगितलं आणि गोल रद्द झाला.

२०२२ ची स्पर्धा संपली तेव्हा क्लोजेच्या मागे एक तरुण झपाट्यानं येत होता. किलियन एम्बापे. अंतिम सामन्यात हॅटट्रिक, एकूण १२ गोल, १४ सामन्यांत. आणि त्याचा २४ वा वाढदिवस अजून दोन दिवसांवर होता.

पण श्रोतेहो, विश्वचषकात १६ च्या पुढे पहिलं पाऊल एका बाईनं टाकलं. मार्टा. ब्राझीलच्या अलागोआस राज्यातल्या दोइस रियाचोस या छोट्या गावची. ब्राझीलमध्ये १९४१ पासून १९७९ पर्यंत बायकांच्या फुटबॉलवर सरकारी बंदी होती. मार्टाचा जन्म १९८६ चा. म्हणजे बंदी उठून जेमतेम सात वर्षं झाली होती. ती मुलांमध्येच खेळत वाढली.

२००७ च्या महिला विश्वचषकात अमेरिकेविरुद्धच्या उपांत्य सामन्यातला तिचा गोल मिळाला तर जरूर बघा. गोलकडे पाठ, मागे बचावपटू चिकटलेली. मार्टानं पायाच्या हलक्या स्पर्शानं चेंडू तिच्या एका बाजूनं मागे सोडला, स्वतः दुसऱ्या बाजूनं गर्रकन वळली आणि पलीकडे जाऊन तोच चेंडू पकडला. मग आणखी एकीला आतल्या बाजूनं चकवलं आणि फटका. त्या स्पर्धेत तिनं सात गोल केले, पण अंतिम सामन्यात तिची पेनल्टी अडवली गेली आणि विश्वचषक जर्मनीला गेला. तो चषक तिच्या हाती कधीच आला नाही. २००३ पासून २०१९ पर्यंत पाच विश्वचषकांत मात्र तिनं गोल केले. २०१९ मध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध १६ वा गोल झाल्यावर तिनं आपल्या बुटाकडे बोट दाखवलं. त्यावर कुठल्याही कंपनीचं चिन्ह नव्हतं, समानतेचं चिन्ह होतं. पाच दिवसांनी, १८ जूनला, इटलीविरुद्ध १७ वा.

कधीकधी सगळा विक्रम एका दुपारीच होतो. रशियाच्या ओलेग सालेन्कोनं १९९४ मध्ये कॅमेरूनविरुद्ध एकाच सामन्यात पाच गोल केले. तारीख २८ जूनच, फाँतेनच्या चार गोलांनंतर बरोबर ३६ वर्षांनी. रशिया तरीही स्पर्धेबाहेर गेला आणि सालेन्को देशासाठी पुन्हा कधी खेळला नाही. युरो, म्हणजे युरोपीय देशांच्या स्पर्धेत फ्रान्सच्या मिशेल प्लॅटिनीनं १९८४ मध्ये पाच सामन्यांत नऊ गोल केले, प्रत्येक सामन्यात किमान एक, आणि तो आघाडीवीर नव्हताच, मिडफिल्डर होता. चाळीस वर्षांत त्याच्या जवळपासही कुणी फिरकलं नाही.

नऊच गोल आणखी एका माणसाचे आहेत, आणि त्याच्यासाठी मी शेवटची काही मिनिटं राखून ठेवली होती. झैरचा, म्हणजे आजच्या काँगो लोकशाही प्रजासत्ताकाचा, एंदाये मुलाम्बा. १९७४ च्या आफ्रिका चषकात, इजिप्तमध्ये, त्यानं नऊ गोल केले. अंतिम सामना झाम्बियाशी २-२ असा बरोबरीत सुटला, दोन दिवसांनी पुन्हा खेळवला गेला आणि झैर २-० असा जिंकला. दोन्ही सामने मिळून झैरचे चार गोल, चारही मुलाम्बाचे. तीन महिन्यांनी झैर विश्वचषकात खेळला. सहाराच्या दक्षिणेकडून तिथे पोहोचलेला तो पहिला संघ. युगोस्लाव्हियानं त्यांना ९-० असं हरवलं. त्या सामन्यात रेफरीला लाथ मारली दुसऱ्याच खेळाडूनं, आणि लाल कार्ड मिळालं मुलाम्बाला.

पुढची कहाणी सांगताना जड जातं. १९९४ मध्ये आफ्रिका चषकाच्या वेळी त्याचा सन्मान झाला. तो घरी परतल्यावर बंदूकधारी लुटारू आले आणि त्यांनी त्याच्या पायात गोळी घातली. देश सोडून तो दक्षिण आफ्रिकेत निर्वासित म्हणून राहिला. १९९८ च्या आफ्रिका चषकात, बुर्किना फासोमध्ये, बातमी पसरली की मुलाम्बा खाणीतल्या अपघातात वारला. मैदानात सगळे उभे राहिले आणि त्याच्यासाठी एक मिनिट स्तब्धता पाळली गेली.

मुलाम्बा तेव्हा जिवंत होता. केपटाऊनमध्ये लोकांच्या उभ्या केलेल्या गाड्या राखून पोट भरत होता. २०१९ मध्ये तो खरोखर गेला. नऊ गोलांचा विक्रम तेव्हाही त्याच्याच नावावर होता.

नमस्कार.