कर्ता कोण, ते आधी सांगा

(पत्रकारितेच्या विद्यार्थ्यांसमोर नागपुरात दिलेल्या व्याख्यानाचे संपादित शब्दांकन)

बातमीचं व्याकरण म्हटलं की मुलं ऱ्हस्व-दीर्घाची वही उघडतात. उघडा, हरकत नाही, पण ते काम लवकर उरकतं. साहित्य महामंडळाचे शुद्धलेखनाचे १४ नियम शासनाने १९६२ साली मान्य केले, १९७२ मध्ये आणखी ४ आले. एका बैठकीत वाचून होतात. आपल्या गावापुरता एक नियम तर त्यात थेटच आहे: गावाच्या नावातला 'पूर' दीर्घ. नागपूर, चंद्रपूर. विभक्ती लागली की मात्र 'नागपुरात', 'चंद्रपुरातून'. 'पोलीस' पण 'पोलिसांनी', 'वकील' पण 'वकिलांना', हेही तेच. एवढं पाठ करा आणि पुढे चला. मला बोलायचंय ते मुद्रितशोधकाच्या नजरेतूनही निसटणाऱ्या चुकांबद्दल.

हे वाक्य बघा: 'दारू पिऊन पोलिसांनी कारचालकाला पकडले.' शुद्धलेखन चोख, पण दारू पोलिसांनी प्यायली! 'पिऊन', 'करून', 'पळून' ही रूपं पुढच्या क्रियापदाच्या कर्त्याला जाऊन चिकटतात. इथे निदान हसून सोडता येतं. 'दुकानातून बाहेर पडताना नगरसेवकाच्या भावाने तरुणाला मारले', इथे काय करणार? बाहेर कोण पडत होतं, भाऊ की तरुण? दबा धरून मारलं की जाता जाता वाद झाला, हे त्या एका 'ताना'वर ठरतं. उपाय सोपा आहे, वाक्य तोडा. 'तरुण दुकानातून बाहेर पडत होता. त्या वेळी...' दोन शब्द वाढतील, वाढू द्या.

आता 'ण्यात आले'. डिसेंबरात अधिवेशनाला सरकार नागपुरात येतं, आणि त्याच्यासोबत प्रेसनोटची मराठीही येते. मग आपण लिहितो: 'मॉरिस कॉलेज टी-पॉइंटवर मोर्चा अडवण्यात आला. त्यानंतर लाठीमार करण्यात आला. काही जण जखमी झाल्याचे सांगण्यात येत आहे.' तीन वाक्यं झाली, आणि करणारा माणूस एकाही वाक्यात नाही. लाठ्या जणू पावसासारख्या आपोआप पडल्या. मोर्चा पोलिसांनी अडवला, तसं लिहा. हुकूम कोणी दिला ते विचारा. उत्तर मिळालं नाही तर 'हुकूम कोणी दिला हे पोलिसांनी सांगितले नाही' हीसुद्धा बातमीच आहे, आणि बरेचदा तीच खरी बातमी असते. जखमींचा आकडा कोणाचा? डॉक्टरांचा, मोर्चेकऱ्यांचा, की शेजारी माइक घेऊन उभ्या असलेल्या चॅनलवाल्याचा? 'समजते', 'कळते', 'बोलले जात आहे' हे शब्द दिसले की माझं पेन आपोआप त्यांच्यावर जातं.

'ण्यात आले' सगळंच टाकाऊ आहे असं मी म्हणत नाही. 'जखमीला मेडिकलमध्ये (म्हणजे सरकारी मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात) दाखल करण्यात आले', इथे कोणी नेलं याने सहसा बिघडत नाही. धडक देऊन पळालेल्याच गाडीच्या मालकाने नेलं असेल तर मात्र बिघडतं.

यापेक्षा मला जास्त छळणारी गोष्ट वेगळीच आहे. मराठीत आदरार्थी बहुवचन आहे. बातमीत ते कोणाकोणाला मिळतं, हे आजचा पेपर घेऊन बघा. लाच घेताना सापडलेला अधिकारी असेल तर 'त्यांना रंगेहाथ पकडले'. त्याच पानावर मोबाइल चोरल्याच्या संशयावरून उचललेला पोरगा असेल तर 'त्याला अटक केली'. दोघांवरही अजून आरोपच आहेत. दागिन्यांची बॅग इमानदारीने परत करणारा ऑटोवाला 'त्याने परत केली', आणि त्याला शाल देणारे ठाणेदार 'त्यांनी कौतुक केले'. मोठं काम कोणी केलं होतं? मरणातसुद्धा हेच. साहेबांचं 'निधन' होतं, इमारतीवरून पडलेला मजूर 'ठार' होतो, सरकारी दवाखान्यातलं बाळ 'दगावतं'. कोणी ठरवून लिहीत नाही. हात तसा वळलेला असतो. म्हणून तर तपासायचं.

मग खुनाच्या आरोपीला 'ते' म्हणायचं का, असं कोणीतरी नक्की विचारेल. माझ्याही कानाला ते खटकतं. नका म्हणू. पण मग लाचेच्या आरोपीलाही 'तो'च म्हणा. दोघांना एकच माप लावा, एवढंच. आणि ऑटोवाल्याला 'त्यांनी' म्हटलं तर आकाश कोसळत नाही.

कोर्ट-पोलिसांच्या बातम्यांबद्दल थोडक्यात सांगतो. गुन्हा दाखल होणं म्हणजे तक्रारीची नोंद होणं. दोषी कोर्ट ठरवतं. अटकेच्या दिवशी 'खुनी गजाआड' हे शीर्षक चालणार नाही. 'सदर इसम' पोलीस ठाण्यातच राहू द्या. कलमांचं भान ठेवा: १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहिता आली आणि खुनाचं कलम ३०२ ऐवजी १०३ झालं. पण त्या तारखेआधी घडलेल्या खुनाला जुनी दंड संहिता आणि जुनंच ३०२ लागतं. डेस्कवर बसून सरसकट बदलू नका. आणि आत्महत्येच्या बातमीत 'जीवनयात्रा संपवली', 'मृत्यूला कवटाळले' हे अलंकार अजिबात नकोत, पद्धतीचं वर्णनही नको. प्रेस कौन्सिलने २०१९ मध्ये त्याबद्दलची मार्गदर्शक तत्त्वं स्वीकारली आहेत. विदर्भात काम करणाऱ्याने तर ती वाचलेलीच असावीत.

शेवटचा मुद्दा अवतरणांचा. समजा, तुम्ही काटोलला गेलात. आंबिया बहाराची, म्हणजे संत्र्याच्या एका हंगामाची, फळगळ झाली आहे आणि बागेत संत्र्यांचा सडा पडलाय. शेतकरी म्हणतो, "फळ तं गळूनच राहिलं. पंचनाम्याले कोनी येते, का मी झाडच तोडू?" आणि संध्याकाळी तुम्ही कॉपी पाठवता: 'शेतकऱ्यांनी तीव्र नाराजी व्यक्त केली.' माणूस गेला, झाड गेलं, पंचनामाही गेला. बातमीची भाषा 'केले, सांगितले' अशी ठेवा; पण माणसाच्या तोंडी 'केलं, सांगितलं' लिहायला त्या १८ नियमांचीही हरकत नाही. मी एक पाऊल पुढे जाऊन म्हणतो, त्याच्या बोलीतलं 'गळून राहिलं'ही राहू द्या.

मात्र त्यात एक मेख आहे. शेतकऱ्याचं बोलणं आपण हुबेहूब छापतो आणि मंत्र्यांचं बोलणं प्रमाण मराठीत धुऊन-पुसून देतो. इकडचे मंत्रीही 'करून राहिलो' म्हणतात, मी ऐकलेलं आहे. धुवायचं तर दोघांचंही धुवा, नाहीतर दोघांचंही तसंच जाऊ द्या. तुमचा संपादक मंत्र्यांचं तसं छापू देणार नाही, याची मला कल्पना आहे. त्याच्याशी भांडा. हं, आता प्रश्न विचारा.