दीडशेवे विंधनछिद्र

(दृश्य : दक्षिण गोबीचे माळ, ड्रोनमधून)

मंगोलियाच्या दक्षिण गोबी प्रांतातील ओयू तोल्गोईचा हा माळ चीनच्या सीमेपासून सुमारे ८० किलोमीटरवर आहे. पाऊस अत्यल्प, झाडी जवळजवळ नाही आणि खडक जागोजाग उघडा. भूवैज्ञानिकाला याहून सोयीची जमीन क्वचितच मिळते. तरीही येथील तांब्या-सोन्याचा प्रचंड साठा २००१ पर्यंत कुणाच्या हाती लागला नाही, आणि तो इतका काळ का निसटला याचे उत्तर बरेचसे या खडकांतच लिहिलेले आहे.

(दृश्य : उघड्या खडकावरील हिरवे-निळे डाग, जवळून)

हे डाग तांब्याच्या खनिजांचे आहेत. तांबे खाली कुठेतरी होते आणि हवा-पाण्याने त्याची रासायनिक मोडतोड झाली, एवढे ते निश्चित सांगतात. किती होते आणि किती उरले, हे सांगत नाहीत. वरवरच्या थरांतून प्राचीन काळी तांबे काढले गेल्याच्या खुणाही येथे सापडल्या आहेत. ऐंशीच्या दशकातील प्रादेशिक सर्वेक्षणात या भागात मोलिब्डेनम या धातूचे प्रमाण नेहमीपेक्षा अधिक आढळले होते, आणि १९८३ मध्ये मंगोलियाचे भूवैज्ञानिक दोंदोग गारामजाव यांनी येथे प्रत्यक्ष येऊन खडकांत झालेले बदल आणि तांब्याची खनिजे ओळखली. शोधाचा इतिहास सांगताना कंपन्यांची नावे आधी घेतली जातात. आम्ही तो या भेटीपासून सांगत आहोत.

(दृश्य : खडकाचा कापलेला पृष्ठभाग, पांढऱ्या गारगोटीच्या शिरा)

सुमारे ३७ कोटी वर्षांपूर्वी, डेव्होनियन काळाच्या उत्तरार्धात, हा प्रदेश समुद्रातील ज्वालामुखी बेटांच्या रांगेचा भाग होता. खोलवरून वर सरकणारा शिलारस पृष्ठभागाखालीच थबकला आणि थिजू लागला. थिजताना त्यातील पाणी अत्यंत तप्त अवस्थेत बाहेर पडले आणि त्याबरोबर तांबे, सोने आणि गंधकही निघाले. या द्रवाच्या दाबाने भोवतालचा खडक तडकत गेला, तडे गारगोटीने भरले, पुन्हा फुटले आणि पुन्हा भरले. पडद्यावर दिसणारे शिरांचे जाळे याच प्रक्रियेतून तयार झाले आहे आणि त्यातील पितळी पिवळे ठिपके कॅल्कोपायराइटचे, म्हणजे तांबे, लोह आणि गंधक यांच्या खनिजाचे आहेत. सोने याच खनिजांच्या सोबतीने, बहुधा डोळ्यांना न दिसणाऱ्या कणांच्या रूपात असते. त्यामुळे सोन्याच्या चमकेची वाट पाहणाऱ्या प्रेक्षकांची येथे निराशा होईल.

अशा साठ्यांना पोर्फिरी साठे म्हणतात. त्यांत धातूचे प्रमाण कमी असते, पण आकारमान अवाढव्य असते. मात्र त्यांच्या माथ्यावर काय घडते, ते समजून घेतल्याशिवाय पुढची हकिकत कळणार नाही. उघड्यावर आलेले पायराइट, म्हणजे लोह आणि गंधक यांचे खनिज, पावसाच्या पाण्याने आणि हवेने विघटित होते, त्यातून आम्ल तयार होते, आणि ते आम्ल तांबे विरघळवून खाली भूजलाच्या पातळीपर्यंत नेते. तेथे तांबे कॅल्कोसाइट या खनिजाच्या रूपात पुन्हा साचते. कॅल्कोपायराइटमध्ये वजनाने सुमारे ३५ टक्के तांबे असते, तर कॅल्कोसाइटमध्ये सुमारे ८०. म्हणून असा दुय्यम थर उथळ, समृद्ध आणि मोहात पाडणारा असतो. संशोधकाचे लक्ष तो स्वतःवर खिळवून ठेवतो.

१९९६ च्या सप्टेंबरमध्ये गारामजाव यांनी मॅग्मा कॉपर या कंपनीच्या संशोधकांना हे ठिकाण दाखवले. ही कंपनी त्याच वर्षी बीएचपी या ऑस्ट्रेलियन खाणकंपनीने विकत घेतली होती. बीएचपीने १९९७ आणि १९९८ मध्ये मिळून २३ विंधनछिद्रे घेतली. कॅल्कोसाइटचा थर लागला, पण हवा तेवढा मोठा साठा हाती आला नाही. तांब्याचे भाव पडलेले होते, खर्चाला कात्री लागली आणि काम थांबले. मे २००० मध्ये आयव्हनहो माइन्स या कॅनडाच्या कंपनीने बीएचपीशी करार करून क्षेत्र ताब्यात घेतले. त्यांनीही आधी त्या दुय्यम थराचाच माग काढला. खडकाचा चुरा हवेच्या दाबाने वर आणणाऱ्या स्वस्त आणि वेगवान पद्धतीने त्यांनी शंभराहून अधिक छिद्रे घेतली.

(दृश्य : विंधनयंत्र, मग गाभ्याच्या पेट्यांची लांबच लांब रांग)

२००१ मध्ये थराच्या खाली असलेल्या मूळ धातुकाची परीक्षा घेण्यासाठी खोल छिद्रे घेण्याचे ठरले, आणि त्यांतील क्रमांक १५० च्या छिद्राने या प्रकल्पाचे भवितव्य ठरवले. सुमारे ७० मीटर खोलीपासून सलग ५०८ मीटर लांबीच्या गाभ्यात, म्हणजे छिद्रातून काढलेल्या खडकाच्या दंडगोलात, सरासरी ०.८१ टक्के तांबे आणि टनाला १.१७ ग्रॅम सोने आढळले. टनभर दगडात सव्वा ग्रॅमही नाही, हे खरे. पण अर्धा किलोमीटर खडकात ही सरासरी टिकणे असामान्य आहे.

हिऱ्याचे कण जडवलेल्या पोकळ छेदकाने खडकाचा अखंड दंडगोल कापून वर आणला जातो. तो क्रमाने पेटीत ठेवतात, प्रत्येक टप्प्यावर खोलीची खूण करतात, धुतात आणि मीटरामीटराने वाचतात : खडक कोणता, शिरा किती, त्यांचा कोन काय, कुठली खनिजे बदलून कुठली झाली. मग करवतीने त्याचे उभे दोन भाग करतात. एक प्रयोगशाळेत जातो, दुसरा पुन्हा पाहण्यासाठी राखून ठेवतात. आमच्या मते संशोधनातील सर्वांत मोलाचे काम या पेट्यांपुढे वाकून केले जाते. प्रयोगशाळेचे आकडे टक्केवारी देतात, परंतु पुढचे छिद्र कोणत्या दिशेने आणि किती खोल घ्यायचे, हे बव्हंशी गाभा वाचणाऱ्याच्या निर्णयावर ठरते.

त्यापुढील शोध अधिक धाडसाचा होता. जमिनीत वीजप्रवाह सोडून सल्फाइड, म्हणजे गंधकयुक्त, खनिजांचा प्रतिसाद मोजणाऱ्या सर्वेक्षणाने उत्तरेकडे खोलवर काहीतरी असल्याचे सुचवले, आणि २००२ मध्ये तेथील विंधनात बोर्नाइट या तांब्याच्या खनिजाने समृद्ध असा साठा लागला. त्याच वर्षी अपघातात निधन पावलेले भूवैज्ञानिक ह्यूगो डमेट यांचे नाव त्याला दिले आहे. या साठ्यावर नंतरच्या काळातील आणि भूकवचाच्या हालचालींनी वर ढकलले गेलेले तांबेविरहित खडक पसरलेले आहेत. पृष्ठभागावर एकही हिरवा डाग नाही. बीएचपीने या क्षेत्रातील आपला उरलेला स्वामित्वधनाचा (रॉयल्टीचा) हक्क २००३ मध्ये ३ कोटी ७० लाख डॉलरला विकून टाकला.

(दृश्य : उघडी खाण, अवजड वाहने)

२००९ च्या करारानुसार मंगोलियाच्या शासनाकडे ३४ टक्के हिस्सा आहे. उघड्या खाणीतून २०१३ मध्ये आणि सुमारे १,३०० मीटर खोलीवरील भूमिगत खाणीतून २०२३ मध्ये उत्पादन सुरू झाले. उंदाई या हंगामी नदीचा प्रवाह वळवला गेला, आणि कुरणे व पाणी यांबाबत पशुपालकांनी २०१२ मध्ये केलेल्या तक्रारींवर २०१७ मध्ये तडजोडीचे करार झाले.

(दृश्य : नकाशा, दक्षिणेकडे सरकणारी रेषा)

२००७ मध्ये याच पट्ट्याच्या दक्षिण टोकाला हेरुगा हा साठा सापडला, आणि ज्ञात खनिजपट्ट्याची लांबी १२ किलोमीटरच्या घरात गेली. हेरुगाचा माथाही पाचशे मीटरहून अधिक खोल आहे. बीएचपीच्या पहिल्या मोहिमेतील छिद्रांइतक्याच खोलीची छिद्रे तेथे घेतली असती, तर त्यांच्या नोंदीत एकच शब्द आला असता : रिकामे.