एकपाद म्हणजे नक्की कोण?

नमस्कार मंडळी. परवा आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये पोरं लंगडी खेळत होती, त्यात आमची नात एका पायावर टुणटुण करत माझ्याकडे आली आणि म्हणाली आजोबा, एकाच पायाची माणसं असतात का खरंच? मी म्हटलं असतात की, पोथ्यांत असतात, त्यांना एकपाद म्हणतात. झालं! पुढची दहा मिनिटं अख्खी गँग नुसती खिदळत होती, कशावरून ते तुम्हाला सांगायला नको.

तर हा पाद संस्कृतातला, म्हणजे पाय. महाभारतात सहदेव दक्षिणेला दिग्विजयाला जातो तिथे रानात राहणारे एकपाद लोक येतात, आणि पुढे राजसूयाच्या वेळी दुर्योधनाला हेच एकपाद युधिष्ठिराच्या दारात अडवून ठेवलेले दिसतात. म्हणजे लाइनीत उभं राहायचं, तेही एका पायावर.

ग्रीकांची तर कमालच. क्टेसियस म्हणून एक ग्रीक वैद्य होता इराणच्या दरबारात, इसवी सनापूर्वी ४०० च्या आसपास, त्याने भारतात एका पायाची, उड्या मारत जोरात पळणारी माणसं आहेत असं खुशाल लिहून ठेवलं. मग रोमन प्लिनीनेही तेच सांगितलं, ऊन तापलं की म्हणे हे लोक उताणे पडतात आणि तोच पाय छत्रीसारखा वर धरतात, म्हणून नाव स्किआपोदेस, स्किआ म्हणजे सावली. आपल्याकडे एप्रिलमध्ये स्कार्फ न् सनकोट लागतो, त्यांचं पायावर भागायचं.

आता खरी मजा. जनावराला पाय चार, म्हणून पाद म्हणजे चौथा हिस्सासुद्धा, आणि त्यातूनच आला आपला पाव. मंडईत पाव किलो भेंडी मागता ना, तो हाच (वडापावातला वेगळा, तो पोर्तुगीजांचा). भागवतात कलियुगातला धर्म बैल होऊन एका पायावर उभा आहे तो याच हिशोबाने, चारातला एक उरलाय. आणि आपल्या गणपतीच्या भाद्रपदाचं नाव ज्या नक्षत्रांवरून, त्यातल्या पूर्वाभाद्रपदाची देवता अज एकपाद! अज म्हणजे न जन्मलेला, किंवा बोकड, यावर पंडितांचं एकमत नाही, मला आपला बोकडच आवडतो.

फक्त एक, ज्याचा पाय खरोखर गेलाय त्याला हा शब्द लावू नका, पोथीतल्या मंडळींनाच राहू दे.

नातीला म्हटलं, चल मंडईत, एक पाव भेंडी आणू. ती एका पायावर तयार.