हमीचं पान आधी उघडा: परदेशी गुंतवणूकदारांशी होणारे करार आणि सभागृहाची तपासणी

आजच्या विषयाबद्दल एक समज सर्रास आढळतो. परदेशी कंपनीशी सरकारनं मोठा करार केला, म्हणजे तो विधानसभेत किंवा संसदेत मांडला गेला असेल, चर्चा होऊन मंजूर झाला असेल. तसं होत नाही. संविधानाच्या 73व्या अनुच्छेदानं केंद्राला जे कार्यकारी अधिकार दिले, त्यात दुसऱ्या देशाशी तह करण्याचा अधिकार येतो, कारण तह हा केंद्र सूचीतला विषय आहे. अनुच्छेद 253 म्हणतो की तहाच्या अंमलबजावणीसाठी संसद कायदा करू शकते. 'करू शकते', 'केलाच पाहिजे' असं नाही. कच्छच्या सीमेबाबतच्या 1969 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं हे स्पष्ट केलं: तहामुळे नागरिकांचे हक्क किंवा देशाचे कायदे बदलत असतील तरच कायदा लागतो. प्रदेश तोडून द्यायचा असेल तर घटनादुरुस्ती लागते, पण तो वेगळा विषय झाला.

कंपनीशी होणारा करार त्याहून एक पायरी खाली असतो. सरकारी कंत्राट राष्ट्रपतींच्या किंवा राज्यपालांच्या नावानं करावं, एवढंच अनुच्छेद 299 सांगतो. आणि करार सरकारनं न करता एखाद्या मंडळानं किंवा महामंडळानं केला, तर तेवढंही बंधन उरत नाही. दाभोळचा वीज खरेदी करार असाच होता. एका बाजूला महाराष्ट्र राज्य वीज मंडळ, दुसऱ्या बाजूला एन्रॉन या अमेरिकी ऊर्जा कंपनीची दाभोळ पॉवर कंपनी. शासन त्यात पक्षकार नव्हतंच. शासन आलं ते मागच्या दारानं, हमीदार म्हणून.

सभागृहानं लक्ष ठेवायचं ते याच दारावर. दाभोळबद्दल चाळीसेक वाक्यं प्रत्येकाला पाठ असतात, आणि त्यातली बहुतेक लाचेच्या आरोपांविषयी असतात. टेबलाखालच्या गोष्टींची इतकी चर्चा झाली की टेबलावर पडलेले कागद वाचायचे राहून गेले.

त्या कागदांवरच्या तारखा लावून बघा. 20 जून 1992 ला सामंजस्य करार झाला, स्पर्धात्मक निविदा न काढता. एप्रिल 1993 मध्ये जागतिक बँकेनं केंद्राला कळवलं की प्रकल्प आर्थिकदृष्ट्या परवडणारा नाही. 8 डिसेंबर 1993 ला वीज खरेदी करारावर सह्या झाल्या. फेब्रुवारी 1994 मध्ये राज्याची हमी आली आणि सप्टेंबर 1994 मध्ये केंद्राची प्रतिहमी, म्हणजे राज्यही चुकलं तर केंद्र भरेल असा शब्द. आता क्रम पाहा. मंडळानं पैसे देण्याची जबाबदारी आधी घेतली आणि मंडळ चुकलं तर कोण भरणार, हे नंतर ठरलं. सभागृहाला हस्तक्षेप करायला खरी जागा होती ती या दोन टप्प्यांच्या मधल्या महिन्यांत. करारावर सही झालेली होती, पण कर्ज देणाऱ्या बँकांना हमीशिवाय पुढे जायचं नव्हतं. त्या काळात सरकारच्या हातात जो जोर होता, तो पुन्हा कधीच आला नाही.

हमीसाठी संविधानात तरतूद आहे. अनुच्छेद 292 केंद्रासाठी, 293 राज्यांसाठी. दोन्हींची भाषा सारखीच: एकत्रित निधीच्या, म्हणजे सरकारच्या मुख्य तिजोरीच्या, तारणावर कर्ज काढणं किंवा हमी देणं, विधिमंडळानं कायद्यानं ठरवलेल्या मर्यादेत, 'अशी मर्यादा असल्यास'. सगळी गोम या तीन शब्दांत आहे. मर्यादाच घातलेली नसेल तर हमी हा निव्वळ मंत्रिमंडळाचा निर्णय ठरतो. केंद्रात वित्तीय उत्तरदायित्व कायदा 2003 मध्ये आला आणि त्याखालच्या नियमांनी एका वर्षात द्यायच्या नव्या हमींवर सकल देशांतर्गत उत्पादनाच्या अर्ध्या टक्क्याची मर्यादा घातली. दाभोळच्या वेळी अशी कोणतीच रेषा आखलेली नव्हती.

3 ऑगस्ट 1995 ला उपमुख्यमंत्री गोपीनाथ मुंडे यांच्या समितीच्या अहवालानंतर मुख्यमंत्री मनोहर जोशी यांनी विधानसभेत करार रद्द केल्याचं जाहीर केलं. सभागृहानं बाकं वाजवली. कंपनीनं लंडनमध्ये लवाद सुरू केला. नोव्हेंबरमध्ये पुन्हा वाटाघाटी झाल्या आणि जानेवारी 1996 मध्ये नव्या कराराला राज्यानं मान्यता दिली. नव्या करारात पहिला टप्पा 695 वरून 740 मेगावॉट झाला, एकूण क्षमता 2015 वरून 2184 झाली. शिवाय पूर्वी मंडळाच्या इच्छेवर असलेला दुसरा टप्पा आता बंधनकारक झाला. रद्द करण्याची घोषणा सभागृहात झाली. मूळ करारापेक्षा मोठा करार मात्र समितीच्या खोलीत ठरला. पुढे मे 1996 मध्ये केंद्रात बहुमत सिद्ध न करू शकलेल्या 13 दिवसांच्या सरकारनं जाता जाता नव्या करारासाठीच्या प्रतिहमीला मान्यता दिली. ज्या सरकारवर लोकसभेनं अजून विश्वास दाखवला नव्हता, त्यानं लोकसभेच्या तिजोरीवर भार टाकला. नियमात बसतं. तेच दुखणं आहे.

आता करार कसा वाचायचा, ते थोडं खोलात पाहू, कारण आमदार-खासदारांना बहुतेक वेळा सारांश मिळतो आणि सारांशात नेमकं हेच गळतं.

पहिलं, स्थिर आकार. अशा करारात दोन बिलं असतात. इंधनाचं बिल जेवढी वीज घेतली तेवढंच. स्थिर आकार मात्र प्रकल्प 'उपलब्ध' असला की द्यायचा, वीज घ्या अगर घेऊ नका. 740 मेगावॉटचं केंद्र 90 टक्के चाललं तर 30 दिवसांत सुमारे 48 कोटी युनिटं होतात. समजावण्यापुरतं धरू की महिन्याचा स्थिर आकार 96 कोटी रुपये आहे. पूर्ण वीज घेतली तर युनिटमागे 2 रुपये. 12 कोटी युनिटंच घेतली तर 8 रुपये. प्रकल्प तोच, बिल तेच, फक्त भागाकार बदलला. वीज महाग म्हणून मंडळानं ती कमी घ्यायची आणि कमी घेतली म्हणून आणखी महाग पडायची, या चक्रात 2000 सालाच्या अखेरीस दाभोळची वीज युनिटमागे सात रुपयांच्या पुढे गेली. म्हणून सभागृहात विचारायचा प्रश्न 'वीज किती रुपयांना पडेल' हा नव्हे. 'पन्नास टक्के आणि पंचवीस टक्केच वीज घेतली तर किती रुपयांना पडेल' हा आहे. पहिल्या प्रश्नाचं उत्तर मंत्री नेहमी आनंदानं देतात.

दुसरं, चलन. दाभोळमध्ये दर मोठ्या प्रमाणात डॉलरला बांधलेला होता. 1993 च्या अखेरीस डॉलर साधारण 31 रुपयांना होता, 2001 मध्ये 47 च्या आसपास. त्याच डॉलर-आकड्याचं रुपयांतलं ओझं आठ वर्षांत दीडपट झालं आणि यात कुणाची लबाडी नव्हती. ही जोखीम कुणाची, हे एका कलमात लिहिलेलं असतं. ते कलम शोधायला दहा मिनिटं लागतात.

तिसरं, उपलब्धतेची व्याख्या. इथे तपासणी मंडळाच्या कामीही आली. जानेवारी 2001 मध्ये सांगितलेल्या वेळेत केंद्र पूर्ण भारावर आलं नाही, म्हणून मंडळानं उपलब्धता चुकीची जाहीर केल्याबद्दल 401 कोटींचा दंड लावला आणि वाद पेटला. मंडळाच्या हातात हे हत्यार होतं, कारण ती वेळ करारात मिनिटांत मोजून लिहिलेली होती. मोघम शब्द असते तर दंड लावायची सोयच नव्हती.

चौथं, वाद कुठे आणि कशाखाली. लवादाचं ठिकाण, लागू कायदा, सार्वभौम संरक्षण (परदेशी न्यायालयांपासून सरकारला मिळणारं) सोडून दिलं आहे का, आणि दिवाळखोर मंडळाच्या ऐवजी शासनाची कोणती मालमत्ता जप्त होऊ शकते. आणि पाचवं, करार मोडला तर किती द्यायचं, ते सूत्र. हे दोन्ही सहसा परिशिष्टात असतं. परिशिष्ट पटलावर ठेवा, एवढी मागणी केली तरी निम्मं काम होतं.

मग अडतं कुठे? तारांकित प्रश्न विचारला की उत्तर येतं, 'वाणिज्यिक गोपनीयता'. प्रकरण लवादात गेलं की उत्तर येतं, 'प्रकरण न्यायप्रविष्ट आहे'. माहिती अधिकार कायद्याचं कलम 8(1)(घ) वाणिज्यिक गुपितांना संरक्षण देतं, मात्र व्यापक सार्वजनिक हितासाठी माहिती द्यायची सोयही तिथेच आहे, आणि ती बाजू अर्जात क्वचितच मांडली जाते. संसदीय समितीला लोकसभेच्या नियम 270 नुसार कागद आणि साक्षीदार बोलावण्याचा अधिकार आहे. पण राज्याच्या सुरक्षेला किंवा हिताला बाधक असल्याचं सांगून सरकार कागद देणं नाकारू शकतं. विभागसंलग्न स्थायी समित्या मागण्या, विधेयकं, वार्षिक अहवाल आणि धोरणं पाहतात. दैनंदिन प्रशासन पाहायला त्यांना मनाई आहे. चालू वाटाघाटी या 'दैनंदिन' मध्ये ढकलणं मंत्रालयाला जड जात नाही. लोकलेखा समिती तर कॅगचा (नियंत्रक व महालेखापरीक्षकांचा) अहवाल आल्यावर, म्हणजे पैसे गेल्यावर कामाला लागते. एका गोष्टीत वाट थोडी रुंद झाली आहे: सर्वोच्च न्यायालयानं 2014 मध्ये दूरसंचार कंपन्यांच्या प्रकरणात सांगितलं की शासनाला महसुलाचा वाटा देणाऱ्या खासगी कंपनीचे हिशेब कॅगला तपासता येतात.

तहांची अडचण याहून मोठी आहे, कारण तिथे कंपनी पुढे नसतेच. भारतानं 1994 पासून, ब्रिटनपासून सुरुवात करून, ऐंशीहून अधिक देशांशी द्विपक्षीय गुंतवणूक संरक्षण करार केले. त्यांची भाषा जवळजवळ सारखी आणि संसदेत एकावरही मंजुरीचं मतदान नाही. त्यांचा अर्थ कळला तो बिल आल्यावर. दाभोळच्या जनरल इलेक्ट्रिक आणि बेक्टेल या भागीदारांनी आपल्या मॉरिशसमधल्या कंपन्यांमार्फत भारत-मॉरिशस कराराचा आधार घेतला. कर्ज देणाऱ्या युरोपीय बँकांनी आपापल्या देशांशी असलेल्या करारांचा. 2005 मध्ये तडजोडी झाल्या आणि प्रकल्प रत्नागिरी गॅस अँड पॉवर या नव्या कंपनीकडे गेला.

व्हाइट इंडस्ट्रीजचं प्रकरण तर शिकवण्यासारखं आहे. ही ऑस्ट्रेलियन कंपनी, कोल इंडियाबरोबरचा पिपरवार खाणीचा 1989 चा करार, 2002 मधला लवादाचा निवाडा. तो वसूल करायला भारतीय न्यायालयांत नऊ वर्षं निघून गेली. कंपनीनं 2010 मध्ये भारत-ऑस्ट्रेलिया तहाखाली दाद मागितली. त्या तहात न्यायासाठी 'परिणामकारक साधनं' देण्याचं कलमच नव्हतं. पण परमानुग्रहित राष्ट्राच्या कलमातून (इतर देशाच्या गुंतवणूकदाराला दिलेली सवलत यालाही द्यायची, असं सांगणारं कलम) ते भारत-कुवेत तहातून उचलून आणलं गेलं आणि नोव्हेंबर 2011 मध्ये भारत हरला. एका तहातलं कलम दुसऱ्या तहात शिरतं. मग तह एकेक करून तपासण्यात काय अर्थ? 2016 च्या नव्या नमुना करारातून ते कलम गेलं, कर आकारणी बाहेर ठेवली गेली आणि लवादाआधी पाच वर्षं देशी न्यायालयं वापरायची अट आली. जुन्या करारांतले बहुतेक भारतानं संपवले, पण आधी झालेल्या गुंतवणुकीला त्यांतलं संरक्षण साधारण 10 ते 15 वर्षं चालूच राहतं.

संयुक्त अरब अमिरातीबरोबरचा करार फेब्रुवारी 2024 मध्ये झाला, ऑगस्टअखेर लागू झाला. त्यात पाच वर्षांची अट तीनवर आली. ही सवलत का दिली, याचं कारण सभागृहात करार लागू होण्याआधी ऐकायला मिळालं असतं तर बरं झालं असतं. ब्रिटनमध्ये 2010 च्या कायद्यानुसार तह 21 बैठकीच्या दिवसांसाठी संसदेसमोर ठेवावा लागतो आणि हाउस ऑफ कॉमन्स ठराव करून मान्यता लांबवू शकतं. ऑस्ट्रेलियात तहासोबत राष्ट्रीय हिताचं विश्लेषण जोडून तो संयुक्त समितीकडे जातो. आपल्याकडे परराष्ट्र व्यवहार समितीनं 2021 मध्ये गुंतवणूक करारांवर स्वतंत्र अहवाल दिला. चांगला अहवाल, पण कराच्या वादांत केर्न आणि व्होडाफोन या कंपन्यांचे भारताविरुद्धचे निवाडे आल्यानंतरचा.

एक काम मात्र घटनादुरुस्तीविना करता येतं. राज्याच्या वित्तीय लेख्यांत दरवर्षी कॅग हमींचं विवरण देतं. क्रमांक 9 मध्ये गोषवारा, 20 मध्ये संस्थानिहाय तपशील. केंद्राचं प्राप्तींचं अर्थसंकल्पीय पुस्तक हमींचा तक्ता देतं. पुरवणी मागण्यांच्या चर्चेआधी या पानांवरच्या तीन रकान्यांवर कपात सूचना (मागणीची रक्कम कमी करण्याचे प्रस्ताव) तयार ठेवायच्या: कमाल रक्कम, वर्षअखेर शिल्लक असलेली हमी आणि वापरायला काढलेली हमी, म्हणजे संस्था चुकल्यामुळे सरकारकडे मागितलेली रक्कम. तिसऱ्या रकान्यात शून्याच्या जागी आकडा दिसला तर त्या संस्थेचा करार त्याच दिवशी मागवायचा.