सेंट्रल पार्कमधली मैफल

शनिवार, १९ सप्टेंबर १९८१. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमधलं ग्रेट लॉन. हवा पावसाळी आहे, तरी माणसं कधीपासून चादरी अंथरून जागा धरून बसली आहेत. पाच लाखांच्या आसपास लोक जमल्याचा तेव्हाचा अंदाज. तिकीट नाही. महापौर एड कॉच मंचावर येतात आणि एका गायक जोडीची दोन नावं पुकारतात: सायमन आणि गारफंकल. त्या मैफलीचं ध्वनिमुद्रण म्हणजे ‘द कॉन्सर्ट इन सेंट्रल पार्क’ हा अल्बम.

दोघेही १९४१चे, क्वीन्स भागात वाढलेले, शाळेपासूनचे सोबती. १९७०मध्ये, ऐन भरात असताना ते वेगळे झाले. त्यानंतर एकत्र गायले ते क्वचितच.

आजचं निमित्त ही बागच. सत्तरच्या दशकात शहराची तिजोरी आटली आणि सेंट्रल पार्कची रया गेली. कार्यक्रम फुकट ठेवायचा, पण त्याच्या चित्रीकरणातून बागेसाठी पैसा उभा करायचा, अशी योजना होती.

तालमींमध्ये ताणाताणी झाली. आर्ट गारफंकलला हवे होते फक्त दोन आवाज आणि एक गिटार. पॉल सायमनचं संगीत तोवर बरंच पुढे सरकलं होतं, त्याला मोठा वाद्यवृंद हवा होता. झालं सायमनच्या मनासारखं. म्हणूनच या अल्बममध्ये ‘मिसेस रॉबिन्सन’ सुरू होतं तेच ड्रम्सच्या दणक्यात.

पण ‘अमेरिकन ट्यून’ ऐका. बाखच्या रचनेतली सुरावट घेऊन सायमननं हे गाणं केलं, तेव्हा जोडी फुटलेली होती. इथे त्याला गारफंकलचा आवाज मिळतो आणि गाणं आता कुठे पुरं झालं असं वाटतं. सगळ्या अल्बममधली ही सर्वांत मोलाची जागा.

आणि शेवटाकडे ‘द साउंड ऑफ सायलेन्स’. दहा हजार माणसं दिसल्याची ओळ येते आणि समोरचा जनसागर आरोळी ठोकतो. एकाकीपणाचं गाणं, आणि त्यात आपलीच हजेरी लागल्याचा लाखो लोकांना झालेला आनंद! स्टुडिओत हे कुठून आणणार?

त्या रात्रीचा एक क्षण मात्र अल्बममध्ये नाही. सायमननं एक नवं गाणं म्हटलं, ‘द लेट ग्रेट जॉनी एस’. जॉनी एस हा पन्नासच्या दशकातला अमेरिकी गायक. गाण्यात बीटल्सच्या जॉन लेननच्या मृत्यूचाही उल्लेख आहे. नऊच महिन्यांपूर्वी, याच बागेला लागून असलेल्या डकोटा इमारतीच्या दाराशी लेननला गोळ्या घातल्या होत्या. गाणं संपत आलं आणि एक तरुण मंचावर चढून थेट सायमनच्या दिशेनं धावला. सायमन दचकून मागे सरला. रक्षकांनी तरुणाला बाजूला नेलं आणि सायमननं गाणं पुरं केलं. चित्रफितीत हे सगळं दिसतं.

फेब्रुवारी १९८२मध्ये दोन तबकड्यांचा हा अल्बम आला आणि तुफान खपला. जोडी जगभर दौऱ्यावर निघाली, नव्या अल्बमचं कामही सुरू झालं. जुने मतभेद पुन्हा डोकं वर काढू लागले. अखेर सायमननं गारफंकलचा ध्वनिमुद्रित आवाज काढून टाकला आणि १९८३मध्ये तो अल्बम एकट्याच्या नावानं बाहेर काढला: ‘हार्ट्स अँड बोन्स’. जॉनी एसचं ते गाणं त्यात आहे.